लुंका वेकेचे घड्याळ

जून लागला की दुबईच्या अल कुसैसमधल्या त्या फ्लॅटमध्ये गार पाणी गीझरमधून येत असे. गच्चीवरच्या टाक्या दिवसभर तापत आणि निळ्या खुणेच्या नळाखाली पहाटेही हात धरण्याची सोय नसे. म्हणून सुजाता मे महिन्यातच गीझरचे बटण बंद करी आणि त्याच्या पोटात रात्रभर निवलेले पाणी लाल खुणेच्या नळाने बादलीत घेई. तिची नणंद, नर्मदाआक्का, वेंगुर्ल्याच्या शाळेतून निवृत्त होऊन व्हिजिट व्हिसावर आली होती. तिने पहिल्याच दिवशी निळ्या नळाखाली हात पोळून घेतला होता. "इथं खुणा वाचायच्या नसतात वाटतं," एवढेच ती म्हणाली होती आणि तिने बोटांना तूप लावले होते.

त्या शुक्रवारी सुजाताने नेहमीप्रमाणे आधी बादल्या भरल्या. एसीच्या नळीखालचा डबा गॅलरीतल्या तुळशीत रिकामा केला. तांदूळ धुऊन ठेवले, नारळ खवला. तोवर विलास देऱ्याच्या मासळी बाजारातून सुरमई घेऊन आला आणि पिशवी ओट्यावर ठेवत म्हणाला, "वीस दिरहम किलो. म्हणजे अडीचशे रुपये. लूट आहे."

"आणि लुंका वेकेला?" सुजाताने विचारले. तिच्या आवाजातला तिरकेपणा तेवीस वर्षांच्या संसारात त्याच्या कानाला एकदाही लागलेला नव्हता.

"तिथं मासा विकत घेतं कोण! नदीत टोपली बुडवायची."

सुजाताने सुरीला धार लावली.

एका भारतीय कंपनीचे मालवाहू जहाज रुमानियात, डॅन्यूबकाठच्या एका गोदीत बांधले जात होते, तेव्हा त्याच्या देखरेखीसाठी विलासला एक हिवाळा आणि अर्धा उन्हाळा लुंका वेके नावाच्या छोट्या गावात काढावा लागला होता. त्या गोष्टीला अठरा वर्षे झाली होती. त्यानंतर चार वर्षांनी तो दुबईच्या जहाज दुरुस्तीच्या यार्डात आला, मुलगी मिहिका इथेच वाढली, इथेच शिकली. पण घरातले मोजमाप लुंका वेकेचेच राहिले. सुजाताची आमटी, धाकट्या भावाची गाडी, भावजयीचे मोदक, मिहिकाचे अक्षर या सगळ्यांची तिथल्या कशाशी तरी तुलना होई, आणि ते उणे ठरे.

शुक्रवारच्या जेवणाबरोबर त्या गावाचा इतिहासही वाढला जात असे. वरणभातावर तुर्क येत आणि नदीच्या उताराशी पाशाची मातीची गढी उभी राही. माशाच्या आमटीपर्यंत तुर्क जाऊन ग्रीक आणि आर्मेनियन व्यापारी आलेले असत. गव्हाच्या नावा भरत, धक्क्यालगत एकच लांब रस्ता होई, त्यावर लोखंडी सज्ज्यांची घरे, आणि एका निपुत्रिक व्यापाऱ्याने गावाला दिलेले ग्रंथालय. सोलकढीला महापूर येई आणि चर्चच्या भिंतीवर छातीइतक्या उंचीची खूण सोडून ओसरे. शेवटी, हात धुताना, बंदर कचेरीवरचे घड्याळ. "तुर्क गेले, व्यापारी गेले, राजा गेला," विलास म्हणे, "पण ते घड्याळ एक मिनिट मागे पडलं नाही." हे वाक्य धाकट्या भावाला, धनंजयला उद्देशून असे. तो शारजाहून येई, आणि शारजा-दुबई रस्त्यावरून वेळेवर पोचलेला माणूस अजून जन्मायचा होता.

त्या दिवशीही धनंजय आणि त्याची बायको रंजिता आले तेव्हा जुम्म्याची नमाज सुटली होती. मशिदीभोवती गाड्यांच्या तीन-तीन रांगा लागल्या होत्या. धनंजय घामाने भिजून दारात उभा राहिला.

"या," विलास म्हणाला. "लुंका वेकेला—"

"दादा, घड्याळ हात धुताना. ठरलेलं आहे ना? यल्ला, वाढा आता. वहिनी, वास खालपर्यंत येतोय, वॉचमन हमदुल्ला विचारत होता."

पाने मांडली गेली. मिहिका आईला वाढायला मदत करत होती आणि वडिलांकडे पाहत नव्हती. बुधवारपासून ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. बुधवारी तिने एक बातमी दिली होती. विलासने त्यावर "पाहू" म्हटले होते, आणि या घरात "पाहू"चा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता.

वरणभातावर तुर्क आले नाहीत. धनंजयने दोनदा मोठ्या भावाकडे पाहिले.

"एक गोष्ट सगळ्यांसमोर सांगून टाकतो," विलास म्हणाला. "मिहिका कुठंही जाणार नाही. खलास."

"कुठं जाणार होती?" आक्काने विचारले. तिला माहीत होते. पण उत्तर माहीत असलेला प्रश्न वर्गात मोठ्याने विचारण्याची तिची सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती.

 उत्तर मिहिकाने दिले. "लुंका वेकेला, आत्या."

धनंजयचा घास हातातच राहिला. "म्हणजे आपल्या लुंका वेकेला?"

"हो काका. नदीवरचा तो लांब रस्ता आहे ना, तिथली जुनी घरं पाडायची की ठेवायची हे ठरतंय. एक युनिव्हर्सिटी त्यांचा सर्व्हे करतेय. मेझरिंग, ड्रॉइंग्ज. वन इयर. राहायला, खायला ते देणार. मी अर्ज केला होता, गेल्या आठवड्यात सिलेक्शन झालं. रविवारी अबू धाबीला वकिलातीत पासपोर्ट द्यायचाय. शेवटचा दिवस आहे."

"आणि पासपोर्ट?"

"बाबांच्या कपाटात."

सगळ्यांनी आमटी ओरपण्यात थोडा वेळ काढला. रंजिता मनात हिशेब जुळवत होती. तिच्या मावसबहिणीचा मुलगा अबू धाबीत इंजिनिअर होता, मिहिका बावीस वर्षांची होती, आणि ऑगस्टमध्ये दोन्ही घरची माणसे देशात एकत्र येणार होती. वर्षभर रुमानिया हे त्या हिशेबात कुठे बसत नव्हते.

"भाऊजींचं बरोबर आहे," ती म्हणाली. "एकटी मुलगी. थंडी किती असते तिकडे!"

"मुलीचं लग्नाचं वय आहे," आक्कानेही दुजोरा दिला. "आणि शिकून झालंय की आता."

विलासला बळ आले. बहीण आणि भावजय एका बाजूला येणे हे या कुटुंबात चुलतभाऊ सुदेशच्या लग्नानंतर प्रथमच घडत होते. त्या बळाच्या भरातच त्याने दिवसाची मोठी चूक केली.

"आणि आहे काय त्या गावात?" तो म्हणाला. "भंगार गाव. गाळाने भरलेलं बंदर, बंद पडलेली गोदी. धड दुकान नाही. वर्षभर काय करणार ती तिथं?"

धनंजयने हातातला घास परत पानात ठेवला.

"दादा," धनंजय सावकाश म्हणाला, "लुंका वेकेला नावं ठेवायची नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे अठरा वर्षं जेवलोय आम्ही त्या गावाबरोबर. माझ्या मुंजीला कोण आलं होतं ते मला आठवत नाही, पण त्या पाशाच्या गढीला दारं किती होती ते विचारा."

"दोन," रंजिता म्हणाली. तिच्या तोंडून ते निघून गेले. "एक नदीकडे, एक गव्हाच्या शेतांकडे."

"बघा! बाहेरून आलेल्या सुनेला पाठ आहे."

"गाव बदललंय," विलास म्हणाला. "राजवट बदलली, सगळं गेलं."

"तुर्क गेले, व्यापारी गेले, राजा गेला," आक्काने त्याच्याच चालीत म्हटले, "तेव्हा नाही बिघडलं गाव. तुझी लेक निघाली म्हटल्यावर बिघडलं?"

आक्काने बाजू बदलली होती. तिने ती जाणूनबुजून बदलली नव्हती. समोरच्याच्या बोलण्यातली विसंगती दिसली की तिच्या हातात आपोआप लाल पेन्सिल येई.

"अगं, निवडलं कसं तुला पण?" धनंजयने मिहिकाला विचारले. "तिकडची पोरं नव्हती?"

"होती. पण निबंध लिहायचा होता, या गावाबद्दल तुम्हाला काय माहीत आहे. बाकीच्यांनी अर्धं पान लिहिलं. मी तुर्क लिहिले, ग्रीक लिहिले, ती लायब्ररी, महापूर, लोकांची सवय लिहिली की कुठलीही नाव गेली तरी हात हलवायचा, ओळखीची असो नसो. दे वेअर शॉक्ड. प्रोफेसरबाईंनी विचारलं, हे कुठल्या पुस्तकात वाचलंस? मी कळवलं, फ्रायडे लंच."

धनंजय इतका हसला की त्याला पाणी द्यावे लागले.

विलासच्या चेहऱ्यावर क्षणभर अभिमानासारखे काहीतरी येऊन गेले. सुजाताने ते पाहिले, आणि ते तसेच राहील या आशेने ती आणखी मासे आणायला आत गेली नाही.

"फक्त एकच चूक काढली त्यांनी," मिहिका म्हणाली. तिने हे बुधवारपासून धरून ठेवले होते आणि आता ते सोडण्यात तिला वाईट वाटत नव्हते. "घड्याळाची."

"घड्याळाची काय चूक?"

"बाबा, त्या घड्याळाला काटेच नाहीत. त्यांनी फोटो पाठवला ईमेलवर. नुसती तबकडी आहे. दुसऱ्या महायुद्धात काटे गेले, आणि मग कुणी बसवलेच नाहीत. दॅट्स फिफ्टी-एट इयर्स, बाबा. यू वेअर देअर."

यावेळी कोणी हसले नाही. हसणे फार मोठे होते, म्हणून ते आधी सगळ्यांच्या पोटात बसले. मग रंजिताचा हात हळूहळू पानावरून उठला.

"म्हणजे," ती म्हणाली, "माझ्या पोराचं बारसं होतं, आम्ही अर्धा तास उशिरा आलो, तेव्हा भाऊजी, तुम्ही माझ्या माहेरच्या माणसांसमोर मला जे ऐकवलं होतं, ते..."

"एक मिनिट मागे पडत नाही," धनंजय म्हणाला. "खरंय की दादाचं. कसं पडेल मागे?"

मग ते हसले. आक्कासुद्धा तोंडाला पदर लावून हसली. रंजिता सर्वांत जास्त हसली. त्या हसण्यात मावसबहिणीचा मुलगा कुठे वाहून गेला ते तिलाही कळले नाही. फक्त सुजाता हसली नाही. आपण पुष्कळ वर्षे या क्षणाची वाट पाहिली होती हे तिला आठवले, आणि तो आल्यावर नवऱ्याच्या पानातला भात निवत चालला आहे एवढेच दिसले.

"कुणी आहे का रे तिथं?" आक्काने डोळे पुसत विचारले. "म्हणून नको म्हणतोस? आता सांगून टाक. सुजाता काही म्हणणार नाही."

"असती तर बरं झालं असतं," सुजाता म्हणाली. "माझ्या आमटीला नावं ठेवायला निदान कुणी खरी बाई असती."

विलासने पानावर पाणी फिरवले.

"बाबा, ऐका ना," मिहिकाचा आवाज आता उतरला होता. "गाव वाईट नाहीये. अर्धी घरं बंद आहेत, कारण तरुण लोक सगळे इटलीला, स्पेनला गेलेत कामाला. म्हातारी माणसं राहतात मागे. बायका तिकडून रविवारी फोन करतात. ऑगस्टमध्ये सगळे येतात, भिंतींना रंग देतात, भांडतात, परत जातात."

"गणपतीला येतात तसे," आक्का म्हणाली, आणि तिचे हसणे थांबले. "म्हणजे आपलंच गाव की ते."

"पासपोर्ट मिळणार नाही," विलास म्हणाला. "माझं झालं." तो उठला, हात धुतले, आणि हात धुताना काहीच न बोलता झोपायच्या खोलीत गेला.

खोलीत पडदे ओढलेले होते. विलास उताणा पडून छताकडे पाहत होता आणि पेत्रेस्कूची आठवण काढत होता.

पेत्रेस्कू हा त्याचा दुभाष्या. सरकारने नेमलेला, हातमोजे घालणारा, अत्यंत सभ्य. दर रविवारी तो विलासला गेस्ट हाऊसपासून धक्क्यापर्यंत आणि परत फिरवून आणी. वाट तीच, थांबण्याच्या जागा त्याच, वाक्येही तीच. गढीच्या उंचवट्याशी तुर्क, सज्ज्यांखाली व्यापारी, चर्चपाशी महापूर. ग्रंथालयासमोर थांबून तो पुस्तकांची संख्या सांगे. दार नेहमी बंद असे. विलासने आत पाऊल टाकले नव्हते. त्या लांब रस्त्यामागे दुसरा रस्ता होता की नाही, हेही त्याने विचारले नव्हते.

घड्याळाखाली पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा त्याने वर पाहिले होते. काटे दिसले नव्हते. "एक मिनिट मागे पडत नाही," पेत्रेस्कू म्हणाला होता, आणि विलासला वाटले होते, धुके असेल. जहाजाच्या पत्र्यातली केसाएवढी चीर बोटाने शोधून काढणारा माणूस सबंध हिवाळाभर दर रविवारी त्या तबकडीकडे पाहत राहिला आणि धुक्याला दोष देत राहिला. नंतर उन्हाळा आला. तोवर वर पाहण्याची गरज उरली नव्हती.

एकाच रविवारी पेत्रेस्कू तापामुळे आला नव्हता. विलास एकटा खाली उतरला आणि चुकून वळणाच्या पलीकडे गेला. तिथे एका दुकानासमोर रांग होती. कोणी बोलत नव्हते. रांगेतल्या एका बाईने त्याच्याकडे पाहिले, त्याच्या पातळ कोटाकडे पाहिले, आणि अर्धे पाऊल मागे सरून त्याला जागा करून दिली. तोही पाव घ्यायला आला आहे असे तिला वाटले असावे. तो उभा राहिला. दुकानातून कोणीतरी हात हलवला, संपले, आणि माणसे न कुरकुरता पांगली. ती बाई जाताना त्याच्याकडे पाहून खांदे उडवून हसली. लुंका वेकेने विलाससाठी आपण होऊन केलेली ती एकमेव गोष्ट होती. ती त्याने घरी कधी सांगितली नाही. तिने कोणाला उणे ठरवता आले नसते.

आता मुलगी तिथे जाणार. दुभाष्याशिवाय. ती प्रत्येक घराला टेप लावणार, ग्रंथालयाचे दार ढकलणार, वळणापलीकडे जाणार. आणि संध्याकाळी फोन करून विचारणार, बाबा, हे तुम्ही पाहिलं होतं का?

स्वयंपाकघरात भांडी घासली जात होती, आणि पाण्याच्या आवाजाखाली चौघांचे बोलणे चालू होते.

"वहिनी, रविवारी मी साइटच्या कामाला अबू धाबीला जातोच आहे," धनंजय म्हणाला. "मिहिकाला बरोबर नेतो. पण हातात पासपोर्ट हवा."

"मी नाही बाई यात," रंजिता म्हणाली. मग थोड्या वेळाने, "कपाटाची किल्ली असते कुठे?"

"त्यांच्या उशाशी. चष्म्याच्या डबीत."

"मग तो उठल्यावर माग," आक्का म्हणाली. "समोरासमोर. चोरून कशाला?"

"मागितली तर त्यांना नाही म्हणावं लागेल, आक्का," सुजाता म्हणाली. "सगळ्यांसमोर एकदा म्हटलंय. आता ते फिरवायचं कसं हे त्यांना येत नाही. चौदा वर्षं या शहरात आहेत, अजून एकदा अब्राच्या होडीत बसून खाडी ओलांडलेली नाही. का, तर आल्या आल्या कुणीतरी सांगितलं, त्यात काही बघण्यासारखं नाही."

तिने हात पुसले. यात राग नव्हता असे नाही. पण तो जुना होता आणि आज कामाला येणार होता. तिने मिहिकाकडे पाहिले. मुलगी ओट्याला टेकून उभी होती, आणि लहानपणी शाळेची बस चुकली की तिचा चेहरा जसा होई तसा झाला होता.

"बस इथं," सुजाता म्हणाली आणि खोलीकडे गेली.

रंजिताने मागोमाग येऊन हॉलमधला टीव्ही जरा मोठा केला. आपण यात नाही हे तिने आणखी एकदा खुणेने सांगितले.

खोलीत विलास कुशीवर, भिंतीकडे तोंड करून पडला होता. सुजाताने चष्म्याची डबी उघडली, किल्ली काढली. खरी अडचण पुढेच होती. ते लोखंडी कपाट मुंबईहून जहाजाने आलेले, आणि त्याचे दार उघडताना असे किंचाळे की शेजारची खैरुन्निसा भिंतीवर टकटक करी. दुसऱ्यांच्या जहाजांचे सांधे तपासणाऱ्या माणसाने घरच्या बिजागरीला कधी तेलाचा थेंब लावला नव्हता. सुजाता मुठीवर हात ठेवून थांबली.

तेव्हा विलास घोरू लागला.

त्याचे घोरणे तिला पाठ होते. ते खालून सुरू होई, मध्येच अडे, आणि मग बारीक शीळ होऊन सुटे. हे घोरणे तसे नव्हते. हे एकसारखे, न अडणारे, जनरेटरसारखे होते. भिंतीकडे केलेल्या त्या पाठीकडे ती थोडा वेळ पाहत राहिली. मग तिने मूठ फिरवली. दार किंचाळले. घोरणेही त्याबरोबर चढले आणि दार पुरते उघडेपर्यंत चढलेलेच राहिले.

रबरबँडमध्ये बांधलेल्या तीन पासपोर्टांतला मिहिकाचा तिने काढून घेतला. खालच्या कप्प्यात नॅफ्थलीनच्या गोळ्यांत विलासचा लुंका वेकेचा कोट घडी घालून ठेवलेला होता. बावीस वर्षांच्या मुलीला तो मोठा झाला असता, आणि तिकडच्या हिवाळ्याला पातळही. तरी तिने तोही उचलला. दार लावताना घोरण्याने पुन्हा जोर धरला. किल्ली डबीत, डबी उशाशी.

बाहेर येऊन तिने दोन्ही वस्तू मिहिकाच्या मांडीवर ठेवल्या आणि कोणी काही बोलायच्या आत चहाचे आधण ठेवायला लाल खुणेचा नळ सोडला. आतले घोरणे थांबले होते.